चुकीचा सल्ला आणि दाद मागण्याची जागा : 'बार ऑफ इंडियन लॉयर्स' निकालाची एक चिकित्सा

प्रस्तावना

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी समाजाचा न्यायव्यवस्थेविषयीचा अनुभव नेमका सांगते. मात्र ती कोर्टाच्या पायरीविषयी बोलते, वकिलाच्या कार्यालयाच्या पायरीविषयी नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य माणसांचा कायद्याशी जो संबंध येतो, तो न्यायाधीशासमोर नव्हे, तर वकिलाच्या टेबलासमोर. दावा करावा की करू नये, कोठे करावा, केव्हापर्यंत करावा, तडजोड स्वीकारावी की नाही, जमिनीचे कागद निर्वेध आहेत की नाहीत, हे सारे तेथे ठरते. तेथे चूक झाली तर पुढे कितीही निष्णात युक्तिवाद झाला तरी उपयोग नसतो, कारण अनेकदा युक्तिवादाची वेळच येत नाही.

आपल्याच क्षेत्रातील एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ नुसार बडतर्फ केलेल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. वरिष्ठ महाविद्यालयांतील अध्यापकांसाठी विद्यापीठ कायद्यात स्वतंत्र न्यायाधिकरणाची तरतूद आहे. समजा, एखाद्या शिक्षकाला वकिलाने सांगितले की, 'घाई नको, आधी संस्थेला नोटीस देऊ, मग दिवाणी दावा लावू.' शिक्षक विश्वास ठेवतो. सहा महिन्यांनी दुसरा वकील सांगतो की, दाद न्यायाधिकरणाकडे मागायची होती आणि मुदत केव्हाच उलटली. आता विलंब माफीचा अर्ज करता येईल; तो मंजूर होईल किंवा होणार नाही. परंतु दरम्यानचे वेतन, दोन वकिलांची फी आणि त्या सहा महिन्यांतील मनस्ताप यांबद्दल पहिल्या वकिलाविरुद्ध या शिक्षकाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न उरतो.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बार ऑफ इंडियन लॉयर्स' या प्रकरणात दिलेल्या निर्णयाने या प्रश्नाचे एक उत्तर कायमचे बाद केले : ग्राहक आयोगाकडे नाही. या निकालावर वृत्तपत्रांतून झालेली चर्चा 'वकील सुटले, डॉक्टर अडकले' अशा स्वरूपाची होती. प्रस्तुत लेखकाला ती चर्चा अपुरी वाटते. वकिलांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवावे की नाही, याविषयी दोन प्रामाणिक मते असू शकतात. निकालाचा खरा दोष त्याच्या फलितापेक्षा त्याच्या युक्तिवादात आहे, आणि तो दोष नेमका सल्ल्याच्या बाबतीत सर्वाधिक जाणवतो. त्या युक्तिवादाची तपासणी करणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रकरण आणि निकाल

प्रकरणाची हकीकत लहान आहे. दिल्लीतील एका गृहस्थाने न वटलेल्या धनादेशाबद्दल फिर्याद दाखल करण्यासाठी वकील नेमला. प्रकरण मिटले, आरोपीने धनादेशाचे २०,००० रुपये आणि खर्चापोटी ५,००० रुपये देण्याचे मान्य केले. ही रक्कम वकिलाच्या हाती आली, पण पक्षकाराला ती सरळपणे मिळाली नाही. फीच्या ५,००० रुपयांवरून वाद झाला. पक्षकार जिल्हा ग्राहक मंचाकडे गेला व तेथे जिंकला. राज्य आयोगापुढे हरला. २००७ साली राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने 'सेवा'च आहे असे ठरवले. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती बेला त्रिवेदी आणि न्यायमूर्ती पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने राष्ट्रीय आयोगाचा निर्णय रद्द केला, न्या. मित्तल यांनी स्वतंत्र परंतु सहमतीचे मत लिहिले. २००७ च्या निर्णयाला अखेरचे उत्तर मिळण्यास सतरा वर्षे लागली, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या वादात सल्ला चुकल्याची तक्रार नव्हतीच. तक्रार होती हातात आलेले पैसे अडवून ठेवल्याची. वकिलाने न्यायालयात काय बोलावे, कोणता मुद्दा सोडावा, कोणत्या साक्षीदाराची उलटतपासणी करावी या नाजूक बाबींशी त्या वादाचा काही संबंध नव्हता. असे असता त्या लहानशा वादावर न्यायालयाने जो नियम उभारला, तो वकिलाच्या समग्र कामाला लागू झाला. न्यायालयातील युक्तिवाद, दस्तऐवज तयार करणे, मालमत्तेचा शोध अहवाल, तोंडी सल्ला आणि पैशांची देवघेव या पाच वेगळ्या कामांना एकाच मापाने मोजले गेले.

निकालाचे मुख्य आधार तीन. पहिला, 'व्यवसाय' आणि 'धंदा' यांत भेद आहे आणि ग्राहक कायदा करताना संसदेच्या मनात व्यावसायिक नव्हते. दुसरा, वकिली हा इतर कोणत्याही व्यवसायासारखा नसून स्वतःच्याच प्रकारचा व्यवसाय आहे, कारण वकील न्यायालयाचाही अधिकारी असतो. तिसरा, वकील व पक्षकार यांच्यातील करार हा 'व्यक्तिगत सेवेचा करार' आहे. आणि १९८६ च्या व २०१९ च्या अशा दोन्ही ग्राहक कायद्यांत 'सेवे'च्या व्याख्येतून असा करार वगळलेला आहे.

पहिल्या आधाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९९५ साली 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या निकालाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणले होते. तो अर्थ चोवीस वर्षे प्रचलित असताना संसदेने २०१९ साली व्याख्येचा गाभा तसाच ठेवून नवा कायदा केला. व्यावसायिक वगळायचे असते तर तेव्हा तसे लिहिता आले असते. त्रिवेदी-मित्तल खंडपीठाने शांता निकालाचाच फेरविचार मोठ्या पीठाने करावा असे सुचवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने वकिलांच्या प्रश्नाचा निर्णय करण्यासाठी तशा संदर्भाची गरज नव्हती असे सांगून तो विषय मिटवला. म्हणजे पहिला आधार त्याच न्यायालयाने फारसा उचलून धरला नाही.

दुसरा आधार अधिक वजनदार आहे. डॉक्टरसमोर रोग असतो, वकिलासमोर दुसरा वकील. प्रत्येक खटल्यात एक बाजू हरतेच. हरलेला प्रत्येक पक्षकार वकिलावर उलटला तर वकील न्यायालयाशी प्रामाणिक राहण्याऐवजी स्वतःचा बचाव करत राहील, प्रत्येक फुटकळ मुद्दा मांडेल, आणि आधीच तुंबलेली न्यायालये आणखी तुंबतील. ही भीती काल्पनिक नाही. परंतु ती भीती न्यायालयातील कामाची आहे. शिक्षकाला 'अपिलाला मुदत नाही' असे सांगणाऱ्या वकिलासमोर त्या क्षणी ना न्यायाधीश असतो, ना प्रतिपक्ष. न्यायालयाप्रति कर्तव्याचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

नियंत्रण कोणाचे?

तिसरा आधार हाच निकालाचा कणा आहे. नोकर मालकासाठी काम करतो तेव्हा काय करायचे एवढेच नव्हे, तर कसे करायचे हेही मालक ठरवतो. तो 'सेवेचा करार'. गवंडी, शिंपी, वास्तुविशारद यांना आपण काम सांगतो, पण ते कसे करावे हे त्यांच्यावर सोडतो. तो 'सेवेसाठीचा करार'. हा भेद जुना व प्रस्थापित आहे. निकालाचे म्हणणे असे की, वकील पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेवाचून कबुली देऊ शकत नाही, तडजोड करू शकत नाही, पक्षकाराच्या स्वायत्ततेचा आदर करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अर्थात पक्षकाराचे वकिलावर बरेच थेट नियंत्रण असते. म्हणून हा करार व्यक्तिगत सेवेचा होय.

यातील आधारविधाने बरोबर आहेत, निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. पक्षकाराच्या संमतीवाचून तडजोड करता येत नाही, हे त्याच्या हक्काचे रक्षण आहे. ते वकिलाच्या कामाचे दिग्दर्शन नव्हे. रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरही शस्त्रक्रिया करत नाही. तेवढ्यावरून शल्यविशारद रुग्णाचा नोकर ठरत नाही. वकीलपत्रावर सही करणारा माणूस, ते अनेकदा कोरे असते हेही आपण सारे जाणतो, वकिलाने कोणते कलम वाचावे, कोणती तारीख मोजावी हे सांगू शकतो काय? तो वकिलाकडे गेलेला असतो तोच मुळी ते त्याला ठाऊक नसते म्हणून.

हे केवळ सामान्यज्ञान नाही. सर्वोच्च न्यायालयानेच ते पूर्वी सांगितले आहे. १९७९ च्या 'कॉन्कॉर्ड ऑफ इंडिया इन्शुरन्स' प्रकरणात विमा कंपनीच्या वकिलाने अपिलाची मुदत चुकीची मोजली होती आणि त्यामुळे अपील उशिरा दाखल झाले. कंपनीचा व्यवस्थापक काही निरक्षर अथवा अज्ञ नाही, त्याला मुदत मोजता यायला हवी होती, अशा आशयाचे कारण देऊन उच्च न्यायालयाने विलंब माफ केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे मत नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाचे सार असे की, कंपनीचा व्यवस्थापक कायदेतज्ज्ञ नसतो; वकिलाने सांगितलेल्या तारखेवर विसंबण्यात त्याची चूक नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की विसंगती डोळ्यांत भरते. १९७९ साली विमा कंपनीचा सुशिक्षित व्यवस्थापक वकिलाच्या तारखेवर विसंबला तर ते स्वाभाविक ठरते. २०२४ साली मात्र कोणताही पक्षकार, मग तो शिक्षक असो वा शेतकरी, वकिलाच्या कामावर थेट नियंत्रण ठेवणारा ठरतो. विश्वास ठेवण्याचा अधिकार मान्य करायचा आणि त्याच वेळी विश्वास ठेवणाऱ्याला मालक म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. २०२४ च्या निकालाने या प्रश्नाला भिडायला हवे होते. सल्ला देणे आणि सूचना पाळणे हे वकिलाच्या कामाचे दोन भिन्न भाग आहेत. सूचना पाळताना पक्षकार वर असतो. सल्ला घेताना तो खाली असतो. निकालाने पहिल्या भागावरून संपूर्णाचे स्वरूप ठरवले.

विलंब माफीच्या परंपरेचा आणखी एक पैलू आहे, ज्याकडे आपल्याकडील विधिलेखनात पुरेसे लक्ष गेलेले नाही. वकिलाची चूक न्यायालयांना ठाऊक नाही असे नाही. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली ती दररोज तपासली जाते आणि पुष्कळदा माफही होते. पण माफी मागतो पक्षकार, दावाखर्च भरतो पक्षकार, आणि झालेल्या विलंबाचा भार सोसतो प्रतिपक्ष. चूक ज्याने केली तो त्या अर्जात पक्षकारच नसतो. १९८१ च्या 'रफीक विरुद्ध मुन्शीलाल' या निकालाचे वेगळेपण येथे आहे. वकील गैरहजर राहिल्याने ज्याचे अपील निकालात निघाले, त्या पक्षकाराला न्यायालयाने ते परत मिळवून दिले, आणि खर्चाचे २०० रुपये गैरहजर वकिलाकडून वसूल करावेत असे सांगितले. रक्कम किरकोळ आहे, पण बोट योग्य दिशेला दाखवले होते. पुढे १९९३ च्या 'सलिल दत्ता' निकालाने, पक्षकाराने सारा दोष वकिलावर टाकून मोकळे होता येणार नाही असे म्हणून त्या उदारतेला मर्यादा घातली, आणि वकिलाकडून खर्च वसूल करण्याची वाट रूढ झालीच नाही.

उरलेल्या वाटा

२०२४ च्या निकालाने एक आश्वासन दिले आहे : ग्राहक कायदा लागू नाही म्हणजे वकिलावर कारवाईच होऊ शकत नाही असे नव्हे, गैरवर्तन, अपकृत्य वा गुन्हा यांबद्दल त्याला जबाबदार धरता येईल. हे आश्वासन कितपत खरे आहे, यावर निकालाचे नैतिक समर्थन अवलंबून आहे. म्हणून आपल्या शिक्षकाला घेऊन त्या वाटांनी जाऊन पाहणे भाग आहे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. शिस्तपालन समितीत तीन सदस्य असतात आणि तिघेही वकील. समिती ताकीद देऊ शकते, सनद काही काळ स्थगित करू शकते, नाव पटावरून काढू शकते. तक्रारदाराचे नुकसान भरून देण्याचा अधिकार तिला नाही. शिक्षकाला भरपाई हवी असेल तर ही वाट त्याची नाहीच. पण निदान चूक झाल्याची नोंद तरी होईल? तेही कठीण आहे, आणि त्याचे कारण महाराष्ट्रातच घडलेले एक प्रकरण आहे. पुण्यातील उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत काम करणाऱ्या वकिलांच्या एका गटाने तेथीलच दोन वकिलांविरुद्ध तक्रार केली होती. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८३ च्या निर्णयात न्यायालयाने 'अनुचित सल्ला' आणि 'चुकीचा सल्ला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असे सांगितले. नैतिक अधःपाताची जोड नसलेला नुसता निष्काळजीपणा हे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे, असे सूत्र त्यातून रूढ झाले.

शिस्तभंगाच्या कायद्याच्या दृष्टीने हे सूत्र समर्थनीय आहे. एका प्रामाणिक चुकीसाठी सनद जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. उद्या मुदत मोजण्यात चुकलेल्या प्रत्येक तरुण वकिलाच्या उपजीविकेवर गदा येणे इष्ट नाही. परंतु त्याचा अर्थ असा की चुकीचा सल्ला, प्रामाणिक पण हलगर्जी सल्ला, बार कौन्सिलच्या कक्षेत मुळात येतच नाही.

फौजदारी वाटेविषयी २०१२ चा निकाल आहे. हैदराबादेत एका बँकेच्या पॅनेलवरील वकिलाने गृहकर्जासाठी मालमत्तेच्या हक्कांविषयी दिलेले मत चुकीचे निघाले. केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याला आरोपी केले. वकील बँकेची फसवणूक करण्याच्या योजनेत सक्रिय सहभागी असल्याखेरीज केवळ चुकीच्या मतासाठी गुन्हा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. फार तर निष्काळजीपणा किंवा व्यावसायिक गैरवर्तन होईल, असेही म्हटले. हा निर्णयही योग्य आहे. घरासाठी कर्ज काढलेल्या प्रत्येक प्राध्यापकाने असा शोध अहवाल पाहिलेला असतो, त्याची फी बहुधा त्यानेच भरलेली असते, आणि ते मत मात्र बँकेला उद्देशून लिहिलेले असते. तो अहवाल चुकला तर फौजदारी न्यायालय निष्काळजीपणाकडे बोट दाखवते. बार कौन्सिल म्हणते, निष्काळजीपणा म्हणजे गैरवर्तन नव्हे. आणि ग्राहक आयोगाने आता दार लावून घेतले आहे. प्रत्येक निकाल स्वतंत्रपणे वाचला तर पटतो. एकत्र वाचले की दिसते, प्रत्येक न्यायासन दुसऱ्या कोणाकडे तरी दाद आहे या गृहीतावर विसंबले आहे.

राहिले दिवाणी न्यायालय. येथे कायदा पक्षकाराच्या बाजूने आहे, आणि फार पूर्वीपासून आहे. विधिव्यवसायी (फी) अधिनियम, १९२६ च्या कलम ५ नुसार काम केलेला किंवा करण्याचे मान्य केलेला विधिव्यवसायी, केवळ तो विधिव्यवसायी आहे म्हणून, निष्काळजीपणाबद्दलच्या दाव्यापासून मुक्त राहत नाही. इंग्लंडमध्ये बॅरिस्टरला खटल्यातील कामाबद्दल असलेले संरक्षण १९६७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा उचलून धरले होते आणि ते २००० साली 'हॉल विरुद्ध सायमन्स' निकालाने संपले. त्या मानाने आपला कायदा पुढारलेला म्हणावा लागेल. तथापि याच अधिनियमात, जो केवळ युक्तिवाद करतो तो 'काम करतो' असे समजले जाणार नाही, अशी तरतूद आहे. म्हणजे न्यायालयातील वक्तृत्व आणि त्याबाहेरील काम यांतला भेद १९२६ च्या कायदेकर्त्यांना दिसला होता. २०२४ च्या निकालाला तो आयता उपलब्ध होता. त्या आधारे पैशांचा हिशेब, दस्तऐवज, शोध अहवाल आणि सल्ला ग्राहक आयोगाकडे ठेवून केवळ न्यायालयातील कामकाज वगळता आले असते. वकिलांच्या स्वातंत्र्याविषयीची रास्त चिंता त्याने मिटली असती आणि पक्षकारही वाऱ्यावर सुटला नसता. इंग्लंडने २००० नंतर हीच चिंता निराळ्या रीतीने सोडवली : सॉलिसिटरांना विमा सक्तीचा आहे आणि २०१० पासून तक्रारी ऐकणारा स्वतंत्र विधि लोकपाल आहे.

आपल्या शिक्षकाला दिवाणी दाव्यात काय करावे लागेल? ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. दिवाणी दाव्यात मागणीच्या प्रमाणात न्यायालय शुल्क भरावे लागते. सल्ला तोंडी होता; फीची पावती बहुधा नाही. सल्ला दिला होता हे सिद्ध करायचे, तो वाजवी कौशल्याच्या वकिलाने दिला नसता हे दाखवायचे, आणि शेवटी वेळेत अपील केले असते तर ते जिंकले असते हेही पटवायचे, म्हणजे जो खटला कधी चाललाच नाही तो या खटल्याच्या पोटात चालवायचा. हे सारे करण्यासाठी त्याला पुन्हा वकीलच हवा, आणि तालुक्याच्या वकील संघात रोज शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याविरुद्ध उभा राहणारा वकील मिळणे सोपे नसते. याबद्दल कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही; लहान गावातील कोणत्याही व्यवसायात हेच घडते.

या वाटेने गेलेला एक पक्षकार सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहात भेटतो. त्याने वकिलाच्या निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला होता. दावा प्रलंबित असतानाच तो वारला. मग त्याच्या वारसांना दावा पुढे चालवता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. दावा अपकृत्यावर आधारलेला असेल तर तो मृत्यूबरोबर संपतो, करारभंगावर असेल तर वारस तो चालवू शकतात. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला, १९२६ च्या अधिनियमाची आठवण करून दिली, आणि यांपैकी हा दावा कोणत्या प्रकारचा आहे हे पुराव्यावरून ठरवण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे पाठवले. वकिलाने निष्काळजीपणा केला होता की नाही, हा मूळ प्रश्न तेव्हाही तसाच उभा होता.